तळातली फुंकर

पांढरकवड्यात समुद्र नाही. म्हणून केतकीनं तो दोन टबांत आणून ठेवला होता. ओडिशातल्या खाऱ्या सरोवराच्या तळाचा काळा चिखल, त्यात बिळं करून राहणारे लाल किडे, वर मिठाचं पाणी. मीठ उतरलं, ऊन चढलं तर हे किडे कसे तगतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. घरमालकाला तिनं लोणचं सांगितलं होतं.

पाण्यात हवा सोडायची नळी तुंबली की ती गफ्फारचाचांकडे जायची. चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. तुंबलेलं नोझल सरळ ओठांत धरून फुंकायचे. दोन छोट्या फुंका, एक लांब.

"चाचा, विष आहे ते!"

"तीस वर्सं झाली, बेटी. आता त्यालेच माह्यी सवय झाली."

आणि त्याच तोंडानं त्यांनी तिची नळीही फुंकून दिली.

त्या वर्षी बोंडअळी आवरेना. लोक दोन-दोन विषं एकत्र कालवून फवारत होते. त्याला म्हणायचे औषध! चाचांच्या दुकानापुढे पंपांची रांग लागली. केतकीनं ती फुंकलेली नळी एका टबात बसवली, त्याच दुपारी चाचा कोसळले.

दवाखान्यात त्या फवारणीच्या औषधाच्या कंपनीचा माणूस आला. एसी गाडीतून उतरतानाच त्यानं मास्क लावला.

"यांनी मास्क घातला नव्हता," तो म्हणाला.

"मास्क घालून नोझल फुंकून दाखवा ना!" केतकी ओरडली.

तो मोबाईल बघत राहिला. त्याचा मास्क फार स्वच्छ होता.

चाचा शुद्धीवर नव्हते. त्यांच्या मुलीला, मेहनाजला, त्यांच्यापाशी बसवून केतकी धुमसत घरी आली. टबांवर उतरतं ऊन होतं.

नळी बसवलेल्या टबातली सगळी बिळं एकदम मिटली. उघडली.

किडे असं कधी करत नाहीत. ज्याचं त्याचं बीळ, ज्याची त्याची लय.

तिनं पाण्यातलं मीठ तपासलं. ठीक. तापमान, ठीक. नळी काढून टाकली. बिळं मिटतच होती.

तिनं चिखलात हात घातला. किडे सगळे मेलेले.

हात बाहेर काढला, तशी बिळं पुन्हा उघडली. दोनदा थोडी. एकदा भरपूर.

फोन वाजला. मेहनाज.

"ताई, अब्बू गेले."

टबात फुस् फुस् करत दोन बुडबुडे फुटले, मग एक लांब. खोलीभर फवारणीचा वास पसरला.

पलीकडे मेहनाजचं रडणं अचानक थांबलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडे नोझल कोण फुंकून राह्यलं?"