मत सांगितल्याशिवाय दिवा नाही

रविवारी दुपारचं जेवण उरकलं की गुरुलिंग पेनड्राइव्ह खिशात टाकून मोंढ्याकडं, म्हणजे धान्याच्या बाजाराकडं, निघत असे. उदगीरच्या उन्हात त्या वेळी कुत्रंसुद्धा ट्रकखालून बाहेर येत नाही. धोंडप्पाशेठच्या आडत दुकानामागं एक जुनं गोदाम आहे. हंगाम नसला की तिथं कोपऱ्यात पोत्यांची थप्पी तेवढी असते. समोरच्या भिंतीला चुना मारलेला, तोच पडदा. खिडकी एकही नाही. दार लावून घेतलं की भर दुपारी आपला हात आपल्याला दिसत नाही, आणि त्या अंधाराला तुरीचा, बारदानाचा आणि उंदराच्या औषधाचा वास येतो.

तिथं चौघं मिळून सिनेमे पाहायची आणि मग त्यावर मत द्यायची. धोंडप्पाशेठ जागेचा मालक. पडद्यावर कुणी कुणाला मारलं नाही तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. लक्ष्मम्मा देगलूरकडची, नर्स म्हणून निवृत्त झालेली. सुरुवातीच्या पाट्या संपेपर्यंत जागी असते, मग डुलकी काढते आणि शेवटाबद्दल सगळ्यात ठाम बोलते. साक्षी नवी होती, गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात लागलेली. मोबाइलवर ऐकलेले शब्द सिनेमाला चिकटवायची. आणि चौथा गुरुलिंग, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारा. तो बेजार होता. सिनेमांनी नव्हे, यांच्या मतांनी.

"कसा वाटला, शेठ?"

"बरा हाय."

"बरा म्हणजे काय?"

"बरा म्हणजे बरा. हिरोईन जरा वाळलेली वाटली."

"अम्मा, तुम्ही?"

"शेवट चुकला. त्यानं तिला सोडायचं न्हवतं."

"त्यानं सोडलंच नाही, अम्मा. ती मेली."

"तेच म्हणून राहिले मी. मेली तरी सोडायचं न्हवतं."

"सर, सेकंड हाफ लॅग करतो," साक्षी म्हणायची. म्हणजे काय ते तिलाही सांगता येत नसे.

ही मतं अंधारात सांगायची असत. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत दिवा लावायचा नाही, हा तिथला कायदा, आणि तो घातला होता शिवकांतानं, गुरुलिंगच्या बायकोनं. पूर्वी सिनेमा संपून दिवा लागला की सगळे आधी गुरुलिंगच्या तोंडाकडं बघायचे. त्याच्या कपाळाला आठी दिसली की सिनेमा वाईट. "तुमचं कपाळ वाचून मत देतात हे लोक," ती म्हणाली होती. "अंधारात विचारा." ज्यानं सिनेमा आणला त्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं आणि मग उठून बटण दाबायचं, हेही तिनंच ठरवलं.

शिवकांताला जाऊन दोन पावसाळे झाले होते. तेव्हापासून सिनेमा दरवेळी गुरुलिंगच आणायचा, कारण बाकीच्यांना आळस. पण आपली पाळी आली की तो बोलत नसे. उठून बटण दाबत असे. कुणी कधी हटकलं नाही.

त्या रविवारी त्यानं एक माहितीपट आणला. लोह्याकडच्या एका जत्रेत तंबूतले सिनेमे अजून लागतात, त्यावर कुणा तरुण पोरानं केलेला. चित्रण सगळं गेल्या थंडीतलं. गुरुलिंगनं घरी दोनदा पाहून निवडला होता. त्यात मधे एक लांबच लांब दृश्य होतं. कॅमेरा पडद्यापाशी ठेवलेला, तोंड प्रेक्षकांकडं. तंबूतली माणसं सिनेमा बघत बसलेली. त्यांच्या चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड हलतो आहे. कुणी बोलत नाही. मागच्या रांगेत कडेला एक लोखंडी खुर्ची रिकामी. एवढंच.

माहितीपट संपला, प्रोजेक्टर बंद झाला, गोदामात काळोख दाटला.

"बोला, शेठ."

शेठ आधी जागेवरच चुळबुळला. मग म्हणाला, "ती बाई कोण हाय, सर?"

"कोणती बाई?"

"तंबूतली. मागं कडेला बसलेली. सगळी दुनिया पिक्चर बघून राहिली अन् ती एकटीच हिकडं बघून राहिली. आपल्याकडं."

"हाव," लक्ष्मम्मा हळूच म्हणाली. आज ती झोपली नव्हती. "मी बी पाहिली."

"सर, मला वाटलं तीच मेन कॅरेक्टर आहे," साक्षी म्हणाली. "पण मग तिचं पुढं काहीच दाखवलं नाही. तो मला मायनस पॉइंट वाटला."

गुरुलिंगनं बटण दाबलं. तो खरोखर वैतागला होता. इतकी वर्षं सांगून सांगून तोंडाला फेस आला, की बघा, नीट बघा. आणि ही माणसं पडद्यावर नसलेलं बघून येतात!

"मागं कडेला रिकामी खुर्ची आहे. बाई-बिई कुणी नाही."

"सर, खामखा तुमच्याशी खोटं बोलू का?" शेठ म्हणाला.

"थांबा. पुन्हा लावतो."

त्यानं दिवा मालवून ते दृश्य काढलं. साक्षी उठून भिंतीपाशी गेली आणि तिनं रिकाम्या खुर्चीवर बोट ठेवलं. "ही काय, सर."

"खुर्ची आहे ती."

"खुर्चीवरची बाई, सर. चष्मा काढून हातात घेतलाय... आता बघा, त्याची दांडी दातात धरली."

लक्ष्मम्मा एकदम म्हणाली, "गप बस, पोरी."

गुरुलिंगचा हात प्रोजेक्टरवर होता, तो तिथंच राहिला. सिनेमात काही अवघड घडायला लागलं की शिवकांता चष्मा काढून त्याची दांडी चावायची. दोन्ही दांड्यांची टोकं चघळून पांढरी झालेली. साक्षीनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. शेठनं आणि अम्मानं मात्र पाहिलेलं होतं. आणि ते दोघं आता भिंतीकडं न बघता जमिनीकडं बघत होते.

"शेठ," गुरुलिंग म्हणाला, "ही थट्टा असेल तर आत्ता सांगा."

"महादेवाची आण, सर. मला मघाशीच वळखू आली. तुम्हाला कसं विचारावं, म्हणून कोण हाय म्हणलं."

"अम्मा?"

"शिवक्काच हाय ती," लक्ष्मम्मा म्हणाली.

गुरुलिंग भिंतीजवळ गेला. इतका जवळ, की प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या पाठीवर पडला आणि तंबूतली माणसं त्याच्या सदऱ्यावर उमटली. तो बाजूला झाला. खुर्ची. पत्र्याची पाठ, एक पाय किंचित वाकडा. पलीकडं तंबूचं कापड.

त्या दिवशी त्यानं विचारू नये ते विचारलं.

"कशी दिसते?"

"बरी दिसते," शेठ म्हणाला.

"बरी म्हणजे काय हो! बरी म्हणजे काय?" गुरुलिंगचा आवाज चढला. "तब्येत कशी आहे? वाळली आहे? साडी कोणती?"

"निळी."

"निळी कुठं, हिरवी हाय," लक्ष्मम्मा म्हणाली.

"मला राखाडी वाटते, सर. कलर ग्रेडिंगमुळं असेल."

त्यानं कपाळावर हात मारला. दोन वर्षं ज्या माणसाला बघायला डोळे आसुसले, ते माणूस समोर बसलं आहे, आणि ते बघायची नजर मिळाली कुणाला, तर या तिघांना! दवाखान्यात शेवटी शेवटी तिचा चेहरा इतका बदलला होता की गुरुलिंगला आता आठवायला गेलं तर तोच आठवायचा. त्याच्या आधीचा मिटूनच गेला होता. घरातल्या फोटोत ती फोटोसारखी दिसायची. त्याला एवढंच हवं होतं, की ती आता कोणत्या चेहऱ्यानं बसली आहे ते कुणीतरी धड सांगावं.

पुढचे काही रविवार तोच माहितीपट लागला. घरी गुरुलिंग एकटा लावून बघे, खुर्ची रिकामी. मोंढ्यात ते तिघं बघत, आणि तो त्यांना बघे. "दुखतंय का तिला? कपाळावर आठी आहे?" तो एकेकाला विचारी. शेठ म्हणे, "न्हाई, आनंदात हायत." अम्मा म्हणे, "आनंदात कुठल्या, वाट बघून राहिली बिचारी." साक्षी म्हणे, "सर, एक्स्प्रेशन न्यूट्रल आहे." गुरुलिंग चिडे, हात जोडे, पुन्हा लावे.

शेवटी शेठच्या जिवावर आलं. "सर, आता बास करा. दुसरा पिक्चर लावा. दुकानात हिशेबाला बसलो तरी मला त्या दिसून राहिल्या."

"मला दिसू द्या, मग बंद करतो."

"ते आमच्या हातात हाय का?"

गुरुलिंगनं रागानं दृश्य तिथंच थांबवलं. तंबूतली माणसं होती तशी गोठली. त्या थिजलेल्या उजेडात चौघं बसून राहिली. पोत्यांमागं काहीतरी खुडबुडलं आणि थांबलं.

"सर," लक्ष्मम्मा म्हणाली, "एक बोलू? राग नका मानू. तिनं कायदा घातला, सगळ्यांचं मत झाल्याबिगर दिवा न्हाई. ती गेल्यापासून तुमचं मत झालंच न्हाई. तुम्ही नुसतं बटण दाबता. ती हिकडं काय बघून राहिली मग? तुम्ही कधी बोलता ते बघून राहिली असंल."

"काय बोलू, अम्मा? मला काही दिसतच नाही."

"मग तेच बोला. आमचं झालंय."

गुरुलिंग उठून उभा राहिला. वर्गात कवितांवर तासन् तास बोलणारा माणूस. मग त्यानं शाळकरी पोरानं धडा म्हणावा तसं, भिंतीकडं तोंड करून सांगितलं.

"मला खुर्ची रिकामी दिसते. घरी पण रिकामीच दिसते. सिनेमा चांगला असो, वाईट असो, मला काही कळत नाही. शेजारी कुणी नसलं की सिनेमा कळत नाही... माझं मत एवढंच आहे."

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"सर..." साक्षीचा आवाज आला. "पिक्चर थांबलाय ना?"

"थांबलाय."

"नक्की?"

"थांबलाय म्हणतो ना. का?"

"मग त्या... उठल्या कशा?"

गुरुलिंगनं भिंतीकडं पाहिलं. गोठलेला तंबू. गोठलेले चेहरे. खुर्ची.

"कुठं चालली? साक्षी, कुठं चालली ती? शेठ, सांगा ना!"

तिघांच्या माना वळत होत्या. खुर्चीवरून पडद्याच्या कडेला. कडेवरून चुन्याच्या कोऱ्या भिंतीवर. भिंतीच्या कोपऱ्यावरून पोत्यांच्या थप्पीपर्यंत. अगदी सावकाश, दुखरा पाय जपत चालणाऱ्या माणसाला नजरेनं सोबत करावी तशा. मग त्या नजरा गुरुलिंगपर्यंत आल्या आणि थांबल्या. त्याच्यावर नाही. त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडं.

तो वळला. तिथं काही नव्हतं. झुळूक नाही, गारवा नाही, तिच्या तेलाचा वास नाही. तूर आणि बारदान. त्यानं हात पुढं केला, तो हवेतच राहिला.

"कशी आहे?" त्यानं विचारलं. "आता तर जवळ आहे ना? आता तरी नीट सांगा... चेहरा कसा आहे?"

शेठ उठला, भिंतीला पाठ घासत दारापर्यंत गेला आणि दार उघडून उन्हात निघून गेला. त्याच्या मागं साक्षी, शेवटी लक्ष्मम्मा. जाताना तिनं दोन्ही हात जोडले, पण ते गुरुलिंगला नव्हते.

त्यानंतर गोदामात सिनेमा लागला नाही. शेठ बाजारात भेटला की लांबूनच रामराम करतो आणि गुरुलिंगशी बोलायची वेळ आलीच तर त्याच्या डाव्या अंगाला येत नाही. लक्ष्मम्मा लेकीकडं देगलूरला गेली ती तिकडंच राहिली. गुरुलिंगनं दोघांनाही फोन करून पाहिले. "अम्मा, एकदा सांगा, सुखात दिसत होती का?" पलीकडून ती म्हणायची, "आवाज येईना, सर," आणि ठेवून द्यायची. आवाज चांगला येत असे.

राहिली साक्षी. ती त्याला चुकवत होती. दिवाळीच्या सुट्टीत एकदा बसस्टँडवर समोरासमोर सापडली. सकाळची वेळ, गर्दी, चहाच्या टपरीचा धूर. तिला लातूरला जायचं होतं. गाडी अजून लागायची होती.

"साक्षी, बाळा," तो म्हणाला, "तू तिला ओळखत नव्हतीस, म्हणून तुलाच विचारतो. ते दोघं मला जपायला काही सांगत नाहीत. तू खरं सांग. आहे का अजून?"

तिनं त्याच्या डावीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "आहेत, सर."

"कशी आहे?"

साक्षी तोंड उघडणार, तेवढ्यात थबकली. कुणी मोठं माणूस मधे बोलायला लागलं की आपण आदबीनं थांबतो, तशी. तिची नजर पुन्हा त्याच्या खांद्याशेजारी गेली आणि तिथं खिळली. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मधे तिनं एकदा गुरुलिंगकडं पाहिलं, फार कळवळून, आणि पुन्हा तिकडं ऐकायला लागली.

"काय म्हणते?" गुरुलिंग म्हणाला. "साक्षी, काय सांगते ती तुला? मला सांग. अगं, काय म्हणते ते मला सांग की!"

शेजारच्या फलाटावरून कंधारची गाडी सुटत होती. साक्षीनं पिशवी उचलली, धावत जाऊन त्याच गाडीत चढली आणि दार ओढून घेतलं. कंधारला तिचं कुणीच नव्हतं.

गुरुलिंग गाडीमागं चार पावलं गेला आणि थांबला. स्टँडच्या फाटकाशी गाडी वळली, तेव्हा साक्षी खिडकीत दिसली. तिनं त्याच्या डाव्या खांद्याशेजारी बघत सावकाश मान हलवली, कुणाला तरी हो म्हणावं तशी.

गुरुलिंगनं तिला तेव्हा काहीच विचारलं नव्हतं.