आदर्शछाप

गडचिरोलीच्या भाषासंशोधन केंद्रातल्या वर्गात, शेवटच्या बाकावर, हेमलता वऱ्हाडपांडे वर्गातल्या मुलांसारखाच डोक्यावर वाक्‌मुकुट, म्हणजे नवी भाषा चटकन उचलायला लावणारी तारांची टोपी, चढवून बसल्या होत्या. समोर रोशनी मडावी इंग्रजी शिकवत होती. याला पाठनिरीक्षण म्हणतात. एकीनं शिकवायचं आणि दुसरीनं मागे बसून चुका टिपायच्या. हे काम हेमलताबाईंइतकं मन लावून आजवर कोणी केलं नसेल. रोशनीचा एक हुंकारसुद्धा त्यांच्या कानांतून सुटत नव्हता.

कारण सरळ होतं. त्या पोरीला बघितलं की बाईंच्या पोटात दुखायचं.

बाईंचं इंग्रजी म्हणजे साऱ्या विदर्भात गाजलेलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यांच्या उच्चारांचे दाखले दिले जायचे. आता केंद्र एकच आवाज निवडणार होतं आणि राज्यातल्या सगळ्या आश्रमशाळांत यापुढे त्याच आवाजात इंग्रजी शिकवलं जाणार होतं. तो आवाज आपलाच, अशी बाईंची खात्री होती. काल वर्गातली सोमी आत्राम बोलली आणि ती खात्री डळमळली.

सोमी केंद्रात आल्यापासून इंग्रजीचं अक्षर बोलली नव्हती. बाई तिला रोज उभी करून वाक्य म्हणायला लावायच्या आणि ती रोज पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. रोशनी मात्र तिच्याशी खुशाल गोंडीत गप्पा मारायची.

"तिचा मौनकाळ चालू आहे न मॅडम," ती म्हणायची. "पोटभर ऐकू द्या. बोलंल ती."

आणि काल सोमीनं उठून, पाल छतावरून खाली का पडत नाही, असं चक्क इंग्रजीत विचारलं. विचारलं ते रोशनीला! बाई तिथंच, मागे बसल्या होत्या. त्यांच्याकडे पोरीनं वळूनही पाहिलं नाही.

तास संपल्यावर बाई तडक प्रयोगशाळेत गेल्या. वाक्‌मुकुट ज्यांनी बनवला ते डॉ. अन्वर काझी तिथं तारा जोडत बसले होते.

"डॉक्टर, वर्गात सर्रास गोंडी चालते. बंद करा ते."

"का बरं? दुसरी भाषा पहिलीच्या आधारानंच उभी राहते. पाया उकरून वरचा मजला कसा चढवणार?"

"मग मुलं तिच्याशीच का बोलतात? उच्चार तर मी घोटून घेते!"

काझींनी पक्कड खाली ठेवली. "लहानपणी मेंदूची ग्रहणखिडकी उघडी असते. पुढे ती मिटत जाते, म्हणून मोठेपणी शिकलेल्या भाषेला आईच्या भाषेची लकब चिकटून राहते. मुकुट ती खिडकी पुन्हा उघडतो. पण उघड्या खिडकीतूनही मेंदू कोणाचाही आवाज आत घेत नाही. खेड्यातून शहरात आलेलं पोर बघा. आईबाप एक बोलतात, मास्तर दुसरं, आणि पोर बोलतं गल्लीतल्या पोरांसारखं. त्याला त्यांच्यासारखं व्हायचं असतं. मेंदू तोच आवाज उचलतो. ही झाली आदर्शछाप. बोलणाऱ्याचा स्वरठसा तपासला की छाप कोणाची, ते यंत्र सांगतं."

"म्हणजे आदर असावा लागतो."

"आदर, माया, यंत्राला काही कळत नाही. त्या माणसासारखं व्हावंसं वाटतं की नाही, एवढंच."

"तपासा मग! आत्ताच तपासा!"

दुपारी सगळ्या मुलांचे आवाज नावं झाकून यंत्रात घातले गेले. रोशनीलाही बोलावून घेतलं होतं. पडद्यावर एकामागून एक उत्तरं उमटली आणि जवळपास प्रत्येक मुलावर छाप होती रोशनी मडावीची.

बाईंना मिरच्या झोंबल्या. "यंत्र बिघडलंय तुमचं! ज्यांचा आवाज पक्का माहीत आहे अशांवर ताडून बघा. माझा घ्या. हिचाही घ्या."

दोघींनी एकच उतारा वाचला. रोशनीचं उत्तर आधी आलं. छाप कोणाचीच नाही. तिला दुसरं कोणी व्हायचंच नव्हतं, आणि हेही बाईंच्या जिव्हारी लागलं.

मग बाईंचं उत्तर आलं. छाप, रोशनी मडावी.

बाई मोठ्यानं हसल्या. "बघा! म्हटलं नव्हतं मी?"

काझी हसले नाहीत. त्यांनी बाईंचं गेल्या वर्षीचं ध्वनिमुद्रण लावलं. प्रत्येक शब्द इस्त्री केल्यासारखा सपाट, कडक. मग आजचं लावलं. शब्द तेच, पण वाक्याचा शेवट हलकेच वर उचलला जात होता, अगदी रोशनीचा जातो तसा. बाईंचा चेहरा उतरला.

"पण... मी काय लहान मूल आहे?"

"खिडकी मुकुटानं उघडते, बाई. वयाचा काही संबंध नाही. तुम्ही इतके महिने तो घालून, डोळ्यांत तेल घालून, एकाच माणसाकडे बघत होतात."

"मला ती अजिबात आवडत नाही!"

"आवडनिवड यंत्र विचारतच नाही."

रोशनी ओशाळून पुढे झाली. "मॅडम, मशीनचं काय मनावर घेता जी? पाणी आणू का?"

तिचा तो समजूतदारपणा बाईंना अधिकच डाचला. त्यांनी तिच्याकडे न बघता काझींना विचारलं, "ही छाप जाते का?"

"तसं व्हावंसं वाटणं मनातून गेलं, तर पुसट होते."

बाईंनी पदर सारखा केला आणि त्या ताठ उभ्या राहिल्या. निक्षून सांगायचं असलं की त्या नेहमी इंग्रजीवर यायच्या. आपल्याला या जगात कोणाचाही हेवा वाटत नाही, असं त्यांनी खणखणीत इंग्रजीत जाहीर केलं.

वाक्याचा शेवट हलकेच वर उचलला गेला.

आपणच बोललो की काय, असं वाटून रोशनीनं दचकून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.