नैवेद्याच्या वेळची चोरी

“चोर घरातलाच आहे,” माधवराव मुजुमदार म्हणाले, “आणि पाच वाजता मी पोलिसांत नाव देणार. सुनेचं!”

भूपेंद्रचा पोह्यांचा घास तोंडाशीच थांबला. देवासहून धारला येईस्तोवर त्याला पोटापलीकडे काही सुचलं नव्हतं. वल्लरी शितोळेनं मात्र बशी केव्हाच बाजूला सारली होती. खासगी तपासात तिचा हात धरणारं अख्ख्या माळव्यात कोणी नाही, असं तिचा मदतनीस भूपेंद्र सगळ्यांना सांगायचा आणि सांगताना स्वतःचीच कॉलर ताठ करायचा.

माधवरावांनी बँकेचं सहा पानी पत्र पुढे टाकलं. त्यांचं प्रवासाचं भारी क्रेडिट कार्ड. कंपनीच्या कामासाठी नऊ वर्षं विमानानं हिंडून त्यावर ब्याऐंशी हजार पॉइंट साठले होते. आता एक तारखेपासून फी दुप्पट, पॉइंटची किंमत निम्मी, आणि विमानतळाच्या लाउंजमध्ये कार्डवाल्यासोबतच्या पाहुण्याला मोफत प्रवेश बंद.

“पहिलं पान वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी घरभर ओरडून सांगितलं, कार्डच बंद करतो! सोमवारी सकाळी आठ चाळीसला सगळे पॉइंट साफ. दोन तिकिटं, इंदूर ते गोवा, अठ्ठावीस तारीख. नावं बँक लेखी तक्रारीशिवाय सांगत नाही. आता सांगा, गोव्याला नवं जोडपं नाही तर कोण जाणार?”

“ओटीपी तुमच्या फोनवर आला असेल.”

“आलाच. फोन बाहेर फ्रिजवर होता. आठ ते नऊ मी पूजेत. सोवळ्यात फोनला शिवत नाही.”

“आणि काकू?”

“विनोदिनी रोज त्या वेळी सोवळ्यानं नैवेद्याचा स्वयंपाक करते. तिला यात ओढू नका, तिला यातलं काही कळत नाही. भजनी मंडळाच्या सहली ठरवायच्या, मोबाइलवर तिकिटं काढायची, एवढंच तिचं जग. त्यात सोमवारी पहाटे तिचे मामा गेले. दुपारीच कन्नौदला गेली, आज येईल. तिला अजून काही सांगितलेलं नाही.”

मुलगा विहंग पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला होता. तो चिडूनच बोलला. “मी सातच्या आधीच शिफ्टच्या बसमध्ये होतो. आणि महिनाअखेरीला गोवा? साहेब रविवारसुद्धा सोडत नाहीत! त्या दिवशी तर डबाही धड नव्हता, भाजीत मीठच नाही. आईच्या हातून असं कधी होत नाही.”

रुचीचं माहेर राजगढचं, लग्नाला तीन महिने झालेले. दाराशी तिची भरलेली बॅग उभी होती.

“मैं तो फोन के पास गईच नहीं, दीदी. ओली साडी नेसून रसोईत होते. नऊला पापाजींची घंटी वाजते, त्याच्या आत वरण-भात पाहिजे होता.” तिनं डोळे पुसले आणि मान ताठ केली. “पाच वाजता पापाजी ठाण्यात, मी बस स्टँडवर. चोर म्हणून मी इथे राहणार नाही.”

अंगणात येताच भूपेंद्र कुजबुजला, “वाईट वाटतं, पण हिशेब सरळ आहे. घरात बाया दोन. एक सोवळ्यात, उरली ही.”

“बरोबर, भिया. एक सोवळ्यात होती. पण कोणती?”

पावणेपाचला तिनं सगळ्यांना बोलावलं.

“माधवराव, नैवेद्य रोज काकू करतात. मग सोमवारी वरण-भात सुनेनं का केला? अळणी भाजीचा डबा का गेला?”

माधवरावांचा चेहरा उतरला. “मामाचं सुतक... दीड दिवसाचं. तिला लागतं, मला नाही. अरे देवा, सवयीनं ‘रोज’ म्हणून गेलो, सोमवारचं विसरलोच!”

“म्हणजे सोवळ्यात होती ती रुची. रिकाम्या बसल्या होत्या त्या काकू. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हाताला काम नाही, समोर हे पत्र, आणि नवरा कार्ड बंद करायला निघालेला. बंद केलं की पॉइंटही बुडाले. मोबाइलवर तिकिटं काढणं त्यांच्या हातचा मळ!”

“पण गोवा?” भूपेंद्रनं विचारलं.

“तारीख बघ. विहंगला महिनाअखेरीला रजा नाही, मग ते जोडप्यासाठी नाही. पण एक तारखेच्या आत गेलं, तर कार्डवाल्यासोबत पाहुण्याला लाउंज अजून मोफत आहे. तिकिटं काढणाऱ्यानं कार्डवाल्यालाच सोबत धरलंय. माधवराव, नऊ वर्षांत त्या लाउंजमध्ये किती पाहुणे नेलेत?”

माधवराव पत्राची उगाच घडी घालू लागले.

“एकही नाही,” दारातून आवाज आला. विनोदिनीबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. “तिथला शिरा किती छान, कॉफी किती छान, नऊ वर्षं ऐकतेय. म्हटलं, बंद व्हायच्या आत आपणही एकदा पाहुणी होऊन बघावं. समुद्रही बघायचा राहिलाय. आज आल्यावर सांगणारच होते. पण हे काय चाललंय? रुची, तू रडतेस का?”

कोणी सांगायच्या आत माधवराव उठले आणि सुनेसमोर हात जोडून उभे राहिले.

“सूनबाई, चुकलो. माझ्या देवाचं सोवळं तू सांभाळलंस आणि मी तुलाच चोर म्हटलं. मला लाज वाटते.” मग ते मुलाकडे वळले. छाती फुगली होती. “विहंग, ऐकलंस? मी पहिल्या पानावरच भडकलो. तुझ्या आईनं सहाच्या सहा पानं वाचली! ब्याऐंशी हजारांतला एक पॉइंट वाया जाऊ दिला नाही. अशी बायको धारमध्ये दुसरी दाखव!”

“इश्श! पुरे,” विनोदिनीबाई म्हणाल्या, पण हसू काही लपलं नाही.

रुचीनं दाराजवळची बॅग ओढत आत नेली. कपाटाची दारं वाजली. थोड्या वेळानं ती रिकामी बॅग घेऊन बाहेर आली आणि सासूच्या पुढ्यात ठेवली.

“मम्मीजी, गोव्याला हीच न्या. हिची चाकं मस्त चालतात.”