रत्नदीपच्या वाट्याची वाक्यं

विरजण देते की सुंदरम्मा काकू, पण जरा बसा. आपला कॅमेरावाला गुरुलिंग अक्कलकोट रोडला गेलाय, तो येईपर्यंत मला घरात एकटीनं बसवत नाही. का गेलाय ते सांगते. दार तेवढं उघडंच राहू द्या.

ऋतुजाला तुम्ही बघितलंय माझ्याकडं. मोडनिंबची पोरगी, शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहते, पतसंस्थेत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी छोट्या फिल्मा करते. तसल्या फिल्मा म्हणजे ना गाणं, ना मारामारी. कुणाच्या तरी मनातलं काहीतरी असतं, पाच-दहा मिनिटांत संपतं, आणि आपण म्हणतो, मग पुढं काय झालं? मी तिला चिडवायची, तुझ्या फिल्मला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त येतात म्हणून. तरी आवाज रेकॉर्ड करायला मीच जायची. लग्नाच्या व्हिडिओंसाठी बँड रेकॉर्ड करून करून कान किटले होते माझे, आणि ही पोरगी मनापासून काम करायची.

ही फिल्म मात्र तिची स्वतःची होती. रत्नदीप नावाचा मुलगा होता, टॉवेलच्या एका कारखान्यात माग दुरुस्त करायचा. दोघांची आडनावं एका पत्रिकेवर छापली जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तिनं वर्षानुवर्षं कुणाला कळू दिलं नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ट्रकनं त्याला उडवलं. हिला मातीला जाता आलं नाही. त्या दिवशी काउंटरवर बसून लोकांची पासबुकं भरत होती बिचारी. भाऊ मोबाईल तपासायचा, म्हणून त्याची सगळी रेकॉर्डिंग आधीच पुसलेली. मला म्हणाली, "ताई, त्याचा आवाज तेवढा माझ्या कानात राहिलाय. तो जायच्या आत फिल्म करायची हाय." मला लई वाईट वाटलं तिचं. पैसे घेणार नाही म्हणून सांगून टाकलं.

तिची कल्पना अशी, की दोन खुर्च्या मांडायच्या. एकीवर ती बसणार, दुसरी रिकामी. ती त्याच्याशी बोलणार आणि त्याच्या उत्तराइतकी जागा मोकळी सोडणार. त्याच्या वाट्याची वाक्यं बघणाऱ्यानं आपल्या मनानं भरायची. लिहिलेलं काही नव्हतं. येईल ते बोलायचं.

रत्नदीपचा अक्कलकोट रोडचा तो कारखाना आता बंद आहे. मालकानं माग भंगारात घातले, पण किल्ली दिली. रविवारी भर दुपारी आम्ही गेलो. बाहेरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं, आणि आवाज येऊ नये म्हणून शटर ओढलं तसा आत मिट्ट काळोख. गुरुलिंगनं एक दिवा लावला. फरशीवर तेलाचे काळे डाग, हवेत जुन्या सुताची धूळ आणि जळक्या तेलाचा वास. आत आम्ही तिघंच.

शूटिंगआधी मी जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करते. नंतर फिल्मचे तुकडे जोडताना लागते ती. सगळ्यांना श्वास रोखून उभं राहायला सांगितलं. आणि हेडफोनमध्ये कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं. मी गुरुलिंगवर डोळे वटारले, तर त्यानं तोंडावर हात धरलेला.

माईकचंच काहीतरी असेल म्हटलं, आणि सुरू केलं.

"जेवलास का?" ऋतुजानं खुर्चीला विचारलं आणि थांबली.

"हं," माझ्या कानात आलं.

अंगावर सर्रकन काटा आला, काकू. मी हेडफोन कानावरून काढला. शेडमध्ये काही नाही. परत लावला.

"माझी पिवळी ओढणी कुटं लपवलीस? शेवटपर्यंत सांगितलं न्हाईस."

"स्विचच्या डब्यामागं..." अगदी हळू, ओठ कानाला लावून बोलावं तसं. ऋतुजाला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या, आणि ती खुर्चीकडं झुकत चालली होती.

"मी येऊ का रे तुझ्याकडं?"

मी हेडफोन फेकला आणि थांब म्हणून ओरडले. ती माझ्यावर भडकली, सगळी फिल्म घालवलीस म्हणाली. मग मी ऐकलं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. मला वाटलं घाबरेल. तर तिचं तोंड असं उजळलं, की मलाच भीती वाटली. हेडफोन हिसकावून घेतला, पहिल्यापासून ऐकायला लागली. मधेच उठली, भिंतीवरच्या स्विचच्या डब्यामागं हात घातला आणि ओढणी बाहेर काढली. धुळीनं माखलेली, पण पिवळी. ती छातीशी धरून पुढचं ऐकू लागली. मशीन मी बंदच केलं नव्हतं, म्हणून तिच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात आलं होतं. "ये."

तिचं हसू तिथंच विझलं. तिनं ते परत ऐकलं.

"ताई," ती म्हणाली, "हा रत्नदीप न्हाय."

मी म्हटलं, मग ओढणी? मान हलवत राहिली.

"मागावरची माणसं हळू बोलतात का गं? जन्म सगळा खटखटीत गेलेला. रत्नदीप प्रेमाचं बोलणंबी ओरडूनच बोलायचा. त्याला कानात बोलायला येतच नव्हतं..."

गुरुलिंगनं दिव्याची वायर ओढली आणि आम्ही पळत सुटलो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ते रेकॉर्डिंग पुसते. तिनं मशीनमधलं कार्ड मुठीत धरलं ते सोडलंच नाही. नंतर रोज ऐकायची. मी शिव्या दिल्या, हातापाया पडले. शेवटी बोलणंच टाकलं तिनं माझ्याशी.

आज दुपारी तिचा फोन आला. एवढी मोकळ्या गळ्याची पोरगी, पण कुजबुजत होती. "ताई, त्याचा खरा आवाज मला आता आठवतच न्हाय. आठवायला गेलं की हाच बोलतो."

मी म्हटलं, आधी ते पुसून टाक.

"मग माझ्याकडं काय राहील?"

मी तोंड उघडणार तोच, मधेच कुणाला तरी उत्तर द्यावं तसं ती म्हणाली, "बरं... येते."

"कुठं येतेस? मी कुठं बोलावलं तुला?"

"तुला न्हाय गं, ताई," म्हणाली आणि फोन बंद झाला.

तसं मी गुरुलिंगला कारखान्यावर पिटाळलं. तुम्ही दार वाजवलंत तेव्हा त्यालाच फोन लावला होता. सापडली का रे, म्हणून विचारलं. "व्हय" म्हणाला. हळू, अगदी कानाला लागून. मग म्हणाला, "तूबी ये."

इतकी वर्षं त्याच्याबरोबर काम करतेय मी. बसल्यापासून आठवून बघतेय, गुरुलिंगचा आवाज कसा आहे ते. हाच येतोय कानात. तुम्हाला आठवतो का हो, काकू?