न्याहारीनंतरची फेरी

मेडशीच्या स्टँडवर एसटीतून उतरताना भागिरथाच्या पिशवीतली बाटली निसटली आणि गडगडत थेट एका तरुणाच्या पायाशी गेली.

"सरबत हाये काय?" त्याने हसत बाटली उचलली.

"नाई... बाबाची लघवी हाये. दवाखान्यात तपासाले," ती पुटपुटली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"मंग माह्यासाठीच आणली म्हना!" दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत काम करणारा देवमन तो हाच.

दवाखान्यात त्याने नळीतल्या निळ्याशार औषधात लघवीचे आठ थेंब टाकले, नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं... आणि बघता बघता विटेसारखं लाल! भागिरथा नळीजवळ सरकली. बापाच्या अंगातलं असं डोळ्यांना दिसतं? "जेवढं लाल, तेवढी साखर जास्त," देवमन म्हणाला.

पंधरा दिवसांत साखर उतरली नाही तर रोज सुई, असं डॉक्टरांनी बजावलं. तिचे बाबा पुंजाजी तर सुईच्या नावानेच हातपाय गाळायचे.

"पहाटीच चालतात हो ते, उपाशीपोटी," देवमनला सांगताना ती रडवेली झाली. "आले का अशी भूक... चार भाकरी खातात अन् खाटेवर पडतात."

"मंग उलटं करून पाहा. आधी दोन भाकरी, हात धुतले का लगेच चाल. खाल्लेली साखर पायच जिरवतात."

खाऊन कोणी चालतं का, म्हणून सगळं किन्हीराजा गाव हसलं. भागिरथा मात्र बापाचा हात धरून रोज शिवेपर्यंत गेली. आठवड्यात पुंजाजींची भूकही निवली; तिसरी भाकरी ते मागेनात.

दर तीन दिवसांनी ती बाटली घेऊन येई. एका ज्योतीवर दोन डोकी वाकत. नारिंगी... मग पिवळा...

पंधराव्या दिवशी निळ्यावर हिरवी झाक आली आणि — रंग तिथेच थांबला. नुसत्या चालण्याने एवढं व्हावं! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"सुई टळली," देवमन हळूच म्हणाला. "पन... खरं सांगू? मले वाटे, लाल व्हावं. म्हंजे तुमी येत राहाल. मंग माहीच मले लाज वाटे."

तिने पदराने डोळे पुसले. आता लाजायची पाळी तिची होती.

"रविवारी या घरी. बाबासंग न्याहारी करा... मंग आमच्यासंग चाला."

"रविवार कायले?" तो म्हणाला. "उद्याच येतो."