मानक मेंदू

"महिन्यात एकेचाळीस चालक नापास. माणसं आजारी आहेत की तुमचं यंत्र?" डॉ. इरावती साबणे यांनी अहवालांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

त्या एकेचाळीसांपैकी एक, शकुंतला वाघमोडे, मेंदूप्रतिमा प्रयोगशाळेबाहेर बसली होती. बारा वर्षं तिनं घाटात एसटी चालवली, गाडीला साधा ओरखडा नाही. नव्या नियमानं आता मेंदूचा दाखला हवा होता. आज संध्याकाळपर्यंत तो मिळाला नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

"सॉफ्टवेअर बरोबर चालतंय, मॅडम," तंत्रज्ञ हणमंत बिराजदार म्हणाला. "प्रत्येक मेंदूची प्रतिमा मानक मेंदूवर बसवायची आणि फरक मोजायचा. फरक जास्त, तर नापास."

"मानक मेंदू कोणाचा?"

"दोनशे निरोगी माणसांची सरासरी भरायची असते."

"भरलीत?"

हणमंतनं मान खाली घातली. "यंत्र बसवलं तेव्हा नारळ फोडला. पहिला मान केळुसकर सरांचा, म्हणून तेच आधी यंत्रात झोपले. मानक दिल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढं सरकेना. मी सरांचीच प्रतिमा दिली. नंतर बदलू म्हटलं, ते राहून गेलं."

इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांशी डोकं जुळत नाही, म्हणून एकेचाळीस माणसं घरी बसवायची?

आवाज ऐकून संचालक केळुसकर आत आले. सगळं ऐकून तेच उलट भडकले. "माझ्या मेंदूत काय खोट आहे? माझा अहवाल बघा. फरक शून्य."

"स्वतःशीच तुलना केल्यावर शून्यच येणार, सर," इरावती म्हणाली.

तिनं गेल्या वर्षीच्या आरोग्य शिबिरातल्या दोनशे निरोगी माणसांच्या प्रतिमांची सरासरी मानक म्हणून भरली आणि नापासांचे व केळुसकरांचे अहवाल पुन्हा काढले. शकुंतला पास झाली. बाकीचे चाळीसही पास झाले. केळुसकरांचा अहवाल मात्र लाल आला. त्यांच्या मेंदूतला स्मरणाचा भाग आक्रसत चालला होता. इरावतीनं त्यांना हळू आवाजात तसं सांगितलं.

केळुसकर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हा कोणाचा अहवाल?"

इरावतीचा राग क्षणभर विरला, आणि लगेच ती हणमंतकडे वळली.

"हणमंत, महिनाभरात पास कोण झालं?"

"सहाजण. ज्यांचे मेंदू सरांच्या मेंदूशी तंतोतंत जुळले ते."

"कुठं आहेत ते?"

हणमंतनं डेपोला फोन लावला. पलीकडचं ऐकून त्यानं तो खाली ठेवला.

"ड्युटीवर, मॅडम. एकेचाळीसजण घरी बसल्यामुळं घाटातल्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडेच आहेत."