चालक गाडीत नाहीत

गाडी ताशी चाळीसच्या वेगाने घाट उतरत होती आणि जागची तसूभरही हलत नव्हती. तिची चाकं प्रयोगशाळेच्या जमिनीत बसवलेल्या रोलरवर गरगरत होती आणि समोरच्या अर्धगोल पडद्यावर घाट मागे पळत होता. करवंदीच्या जाळ्या, कठड्याचे काळे-पांढरे दगड, मध्येच माकडांचं एखादं बिऱ्हाड.

उजव्या आसनावर हिंदुराव पाटणकर ताठ बसले होते. दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर. तिसऱ्या वळणापाशी गाडीने वेग कमी केला, पडद्यावरच्या रस्त्याची कड धरली आणि अत्यंत नम्र आवाजात ती म्हणाली, "चालक गाडीत नाहीत. कृपया चालकांना बोलवा."

"ऐकलंसा न्हवं?" हिंदुरावांनी काच खाली केली. "मग मी कोन हाय हितं? बुजगावनं?"

जमीर मुल्ला या अभियंत्याने ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या डॉ. इरावती सामंत मात्र हसल्या नाहीत. त्या वाहनमानसशास्त्राच्या तज्ज्ञ होत्या आणि असा दोष त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

हिंदुरावांना राग आला होता आणि तो येण्यासारखाच होता. तेहतीस वर्षं त्यांनी दूध संघाचा टँकर चालवला होता. अर्धवट भरलेल्या टँकरला ब्रेक लावला की आतलं दूध उसळून गाडीलाच पुढे ढकलतं, त्यामुळे तिथे पायाला फार समज लागते. हिंदुरावांच्या टँकरमधल्या दुधाची साय मोडत नाही, असं संघातले लोक म्हणायचे. अशा माणसाला गाडी तोंडावर सांगत होती, की तू चालकच नाहीस.

ही स्वचल गाडी त्यांनी निवृत्तीनंतर घेतली, त्याला नऊ वर्षं झाली. कुठेही जायचं तर शालन डाव्या आसनावर असायचीच, आणि दर मे महिन्यात नवराबायको घाट उतरून शालनच्या माहेरी जायची. शालनच्या मांडीवर भावासाठी खरवसाचा मोठा डबा असायचा. तो लवंडू नये म्हणून ती त्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसायची आणि घाट संपेपर्यंत तिचं एकच चालायचं, "अवो, बेतानं." गाडी आपली आपण चालते आहे, त्यात मी काय बेतानं करणार, असं हिंदुराव म्हणायचे. तरी तिचं बेतानं काही थांबायचं नाही.

गेल्या महिन्यात शालनचं वर्षश्राद्ध झालं. मेव्हण्याने निरोप धाडला, की ताई नाही म्हणून तुम्ही येणं सोडू नका. शालन गेल्यापासून गाडी दारातच उभी होती. हिंदुरावांनी शेजारच्या गोठ्यातून चीक आणला, हात भाजून घेत स्वतः खरवस केला आणि निघाले. सपाट रस्त्यावर गाडी मुकाट चालली. घाटात मात्र तिने बंड केलं. तीनदा निघाले, तिन्ही वेळा त्याच वळणावर गाडी थांबली. मागचे लोक भोंगे वाजवून गेले, एकाने तर खाली उतरून विचारलं, "आजोबा, चालक कुठं गेलाय?"

आज चौथी खेप होती. खरवसही नवा केला होता. डबा डाव्या आसनावर ठेवलेला होता. या प्रयोगशाळेत गाडीतला कसलासा ठसा पुसून मिळतो, असं कळलं होतं; तो पुसून घ्यायचा आणि इथूनच पुढे जायचं, असा त्यांचा बेत होता.

"हा ठसा म्हंजे काय भानगड हाय, बाई?" खाली उतरून त्यांनी विचारलं.

"काका, गाडी सगळ्यांशी एकसारखी वागत नाही," सामंत म्हणाल्या. "लांबवर कुत्रं दिसलं की कुणी लगेच गाडीकडून चाक काढून घेतं. कुणी कुत्रं चाकाखाली यायची वेळ आली तरी गाडीवर सोडून देतं. धोका दिसल्यापासून माणूस मध्ये पडेपर्यंत जो वेळ जातो, त्याला आम्ही विश्वासकाल म्हणतो. ज्याचा त्याचा वेगळा. गाडी तो शिकून घेते. भित्र्या माणसासाठी आधीपासून वेग उतरवते, बेफिकीर माणसाला आधीपासून जागं करते. नऊ वर्षांत शिकलेलं हे सगळं म्हणजे तुमचा स्वभावठसा."

"आणि अपेक्षित ठिकाणी माणसाने काहीच केलं नाही," जमीर म्हणाला, "तर गाडी समजते, की चालक झोपला किंवा उतरून गेला. मग ती थांबते. कायदाच आहे तसा."

"मग पुसा की. धा मिनटांचं काम म्हनं."

"पुसण्याआधी वाचावा लागतो, काका."

जमीरने ठसा पडद्यावर उघडला, दोनदा वर-खाली सरकवून पाहिला. मग त्याने सामंतांना खुणेने बोलावलं.

"मॅडम, ठशातला चालक महासंशयी आहे. धोका यायच्या तीन-तीन सेकंद आधी खबरदार होतो. आणि काकांची आजची चाचणी बघा. यांनी सगळं गाडीवर सोडलंय. ही दोन वेगळी माणसं आहेत."

"काका, ही गाडी आणखी कोण चालवायचं?" सामंतांनी विचारलं.

"चाकाला हात लावू दिला न्हाई कुनाला."

"काकूंना येत होती?"

हिंदुरावांना हसू फुटलं. "तिला सायकल येत न्हवती! घाटभर डबा दोनी हातांनी कवटाळून बसायची. पर माहेरी गेली की सगळ्यांस्नी सांगायची, गाडी मीच आनली, ह्ये नुसतं चाक धरून बसल्यालं. समदी पोट धरून हसायची. मी बी हसायचो."

जमीर हसला नाही. तो गाडीकडे गेला, त्याने उजवं दार उघडून वाकून पाहिलं, मग डावं. "मॅडम, जरा इकडे या."

उजवीकडची पायाखालची रबरी चटई नव्यासारखी होती. डावीकडची टाचेपाशी झिजून तिला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

हिंदुराव त्या भोकाकडे पाहत राहिले. नऊ वर्षं गाडी त्यांनी स्वतः धुतली होती आणि हे भोकही रोज पाहिलं होतं. शालनच्या चपलेचा खिळा लागत असेल, एवढंच त्यांच्या मनात यायचं.

"पायांखाली दोन्ही बाजूंना दाबमापक असतात," सामंत सावकाश सांगू लागल्या. "काकूंचे हात डब्यात अडकलेले, म्हणून त्यांची भीती पायात उतरायची. नसलेला ब्रेक त्या दाबायच्या. हे बघा, पहिल्या वर्षाच्या नोंदी. वरची रेघ काकूंच्या पायाची, खालची तुमच्या ब्रेकची."

दोन्ही रेघा एकसारख्या चढत-उतरत होत्या. खालची जराशी मागून येत होती, एवढाच फरक.

"पाऊण सेकंद," जमीर म्हणाला. "प्रत्येक वेळी. त्यांनी जमीन दाबली, की पाऊण सेकंदाने तुम्ही ब्रेक दाबलाय, काका. तुमच्या नकळत. दुसऱ्या वर्षापासून गाडीने तुमच्या ब्रेकची वाटच पाहिली नाही. तिकडचा पाय हलला, की ती स्वतःच वेग उतरवायची."

"पर चाक तर माझ्या हातात हुतं!"

"गाडीच्या लेखी चाक धरणारा चालक नव्हे," सामंत म्हणाल्या. "निर्णय घेईल तो चालक. काका, गाडी खोटं बोलत नव्हती. इतकी वर्षं ती काकूच चालवत होत्या."

हिंदुराव शेजारच्या स्टुलावर बसले. तेहतीस वर्षांचा टँकर आठवला, साय आठवली. मग माहेरच्या पडवीत पदराने घाम टिपत, सगळ्यांना हसवत बोलणारी शालन आठवली आणि त्यांना रडू आलं. ती थट्टा करते आहे असं ते समजले होते. आता ती खरी ठरली होती आणि हे सांगायला, तिच्याकडून त्यावर चार शब्द ऐकून घ्यायला ती नव्हती.

थोड्या वेळाने सामंत म्हणाल्या, "ठसा पुसला की तुम्ही उजवीकडे बसा. चार दिवसांत गाडी तुम्हाला शिकेल. मग सगळं सुरळीत."

"आनि तिचा?"

"एका गाडीत दोन ठसे राहत नाहीत, काका. पुसला की गेला."

रोलर थांबलेले होते. पडद्यावरचा घाटही तिसऱ्या वळणाशी थिजला होता. हिंदुराव उठले, गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले. आसनावर डबा होता. तो उचलून ते आत बसले आणि लवंडू नये म्हणून त्यांनी तो मांडीवर घेतला.

"काका, तिकडे कशाला?"

"येकदा चालवा. तिनं कसं केलं ते बगू द्या."

जमीरने सामंतांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. रोलर फिरू लागले. उजवं आसन रिकामं, चाक आपलं आपण वळत होतं आणि पडद्यावरचा घाट अंगावर येऊ लागला.

नऊ वर्षांत हिंदुराव या जागेवर एकदाही बसले नव्हते. उजवीकडून घाट म्हणजे समोरचा रस्ता आणि डोंगराची कपार. इथून नजर रस्त्यावर जातच नव्हती. खिडकीला लागून कठडा, आणि कठड्यापलीकडे एकदम काही नाही. खोल खाली झाडांचे शेंडे आणि सुतासारखा ओढा.

"आयला," ते पुटपुटले. "हितनं समदी दरी दिसती की!"

भित्री म्हणून त्यांनी तिला जन्मभर चिडवलं होतं. भित्री कसली, ती दरीच्या काठावर बसून डबा सांभाळत यायची.

तिसरं वळण आलं. कठडा संपला, काचेत नुसतं आभाळ उरलं. हिंदुरावांनी डबा घट्ट कवटाळला आणि त्यांची टाच आपसूक त्या भोकावर जाऊन रुतली.

गाडीचा वेग अलगद उतरला. दूध असतं तर साय मोडली नसती. वळण मागे गेलं, आणि आवाज आला, "चालक गाडीत आहेत."

सामंत जमीरकडे वळल्या. "कायद्यात काय आहे, जमीर? चालक कुठे बसायला हवा?"

"ओळखीचा चालक पुढच्या आसनावर जागृत असायला हवा, एवढंच," जमीर म्हणाला. "डावं की उजवं, ते लिहिलेलं नाही."

"पुसायचा का, काका?"

उजव्या आसनाकडे हिंदुरावांनी एकदा पाहिलं. साऱ्या आयुष्याची मिजास त्या जागेवर बसून केली होती. मग त्यांनी डब्याचं झाकण नीट दाबलं.

"र्‍हाऊ द्या," ते म्हणाले. "मला रोलरवरनं उतरवा. मेव्हना वाट बगत आसंल."

प्रयोगशाळेचं मोठं दार उघडलं. बाहेर लख्ख दुपार होती. गाडी दारात येऊन थांबली आणि तिने नेहमीच्या नम्र आवाजात विचारलं, "प्रवास सुरू करायचा?"

"कर," हिंदुराव म्हणाले. "पर बेतानं."